काकी काही खात नाही

परळ, मुंबई
१४ जून १९५९

तीर्थरूप सौ. सुभद्राकाकीस,
गुरुदासचा साष्टांग नमस्कार.

बोटी बंद व्हायच्या आत तू आचऱ्याला सुखरूप पोचलीस, हे काकांच्या पत्रातून कळलं. काकांचं पत्र म्हणजे तारच. चार शब्द आणि सही.

काकी, एप्रिलमध्ये आमच्या सरांनी तुला तपासलं तेव्हा तू पदर तोंडाला लावून खाली बघत होतीस. ते काय म्हणाले ते तू अर्धंच ऐकलंस अशी माझी खात्री आहे, म्हणून पुन्हा लिहितो. तुझ्या बेंबीपाशी जो फुगवटा येतो तो अंतर्गळ. तो शिवून टाकता येतो, पण आताच्या तुझ्या वजनावर शिवण टिकायची नाही. पंचवीस रतल, म्हणजे आमचे पौंड, उतरवायचे आणि पावसाळा संपून बोटी सुरू झाल्या की यायचं, असं त्यांनी सांगितलं आहे. मधल्या काळात फुगवटा आत गेला नाही, आतडं अडकलं, तर काही तासांत पोट उघडावं लागतं. भर पावसात तुला आचऱ्याहून कुठे नेणार आणि कशी, याचा विचार करून माझी झोप जाते. डॉक्टरी शिकणाऱ्या माणसाने असं लिहू नये, पण तुझ्या हातचं खाऊन वाढलेल्या पुतण्याने लिहायला हरकत नाही.

तेव्हा एवढंच कर. गिरणीत भाताचा काटा आहे, त्याच्यावर वजन करून कळव आणि दिवसभरात काय खातेस ते खरं खरं लिही. मी रागावणार नाही. मला आपली उत्सुकता आहे.

तुझा,
गुरुदास

•

आचरा, ता. मालवण
२४ जून १९५९

चि. गुरुदास यास काकीचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या हौसेपायी माझी गावभर शोभा झाली. गिरणीवाला शिवा म्हणतो, "काकी, तुमका तोलूचा म्हणजे माका दुसरी वजनां हाडूक व्हयी." बाहेर भात घेऊन बसलेल्या बायका पोट धरून हसल्या. एकशे एक्क्याण्णव रतल भरले. आता तुझं समाधान झालं असेल.

खाण्याचं विचारशील तर मी काही खात नाही. सकाळी वाटीभर पेज, दुपारी मूठभर भात, रात्री त्याहून कमी. माझ्याएवढं कमी खाणारं या घरात कुणी नाही, वन्संना विचार. अंगच माझं वाऱ्यावर वाढतं.

पथ्य मात्र आम्ही कडक धरलं आहे. तू डॉक्टरांचं पथ्य म्हणून सांगितलंस आणि सावित्रीवन्संनी त्याच दिवशी निकाल दिला, "पथ्य म्हणजे शिवराक. माशाक हात लावचो नाय." तेव्हापासून माझे सातही वार सोमवार झाले. तोंडाची चव गेली, म्हणून वन्संनाच माझी दया आली आणि त्या मला खापरोळ्या करून घालतात. नारळाचा दाट रस, गूळ, वेलची. शिवराक असल्यामुळे त्याचं काही नाही. परवा फणसाच्या भाजीचं मीठ बघितलं तेवढंच. पेरणीच्या निरोपाला तीन घरी गेले, तिथे नुसतं पाणी प्यायले.

फुगवटा आहे तसाच आहे. हाताने दाबला की जातो. तू झोपत जा.

तुझी काकी,
सुभद्रा

•

परळ
४ जुलै १९५९

तीर्थरूप काकीस साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वॉर्डात वाचलं आणि हसताना परिचारिकेने पकडलं. काकी, शिवराक म्हणजे पथ्य नव्हे. देवाला जे चालतं ते चरबीलाही चालतं. उद्यापासून मासे खा, भाजलेले, उकडलेले, आमटीतले, जसे मिळतील तसे. सोडायचं ते नारळाचा रस, गूळ आणि खापरोळी. वन्संना, म्हणजे माझ्या आतेला, हे समजावणं तुझं काम. माझं ती ऐकणार नाही. तिने मला नागडा बघितलेला आहे.

आता दुसरं. तू लिहितेस 'मी काही खात नाही', आणि त्याच पत्रात मीठ बघतेस आणि तीन घरी पाणी पितेस. आपल्याकडे कोरडं पाणी कुणी देतं का? बरोबर गुळाचा खडा किती मोठा होता? मला खरोखरच नवल वाटलं, म्हणून इथल्या रोग्यांनाही विचारत सुटलो. एक सोनार आहेत, त्यांनी जेवण सोडलं आहे, म्हणजे नुसता चहा घेतात. चहाबरोबर सहा बटर असतात, पण ते चहात मोडतात. खाटेवरचा प्रत्येक जण शपथेवर सांगतो की मी काही खात नाही, आणि एकही खोटं बोलत नाही. खाणं या शब्दाला आपण एवढं घाबरतो का, की त्याला दहा टोपणनावं ठेवावीत?

तर पुढच्या पत्रात खाण्याचं लिहू नकोस. जे खाणं नव्हे पण तोंडातून आत जातं, ते सगळं लिही.

तुझा,
गुरुदास

•

आचरा
१६ जुलै १९५९

चि. गुरुदास यास आशीर्वाद.

तू विचारलंस आणि मला चाळाच लागला. आठ दिवस माझा हात तोंडाकडे गेला की मी मनात म्हणते, थांब गो बाई, याला काय म्हणायचं?

सकाळी पेज गाळली की टोपाच्या बुडाला खरवड राहते. ती खायची नसते, काढायची असते, नाहीतर टोप घासताना हात मोडतात. मुलं आंबोळी अर्धी टाकून शाळेत पळतात. ती टाकली तर अन्नाचा शाप, म्हणून मी उष्टं संपवते. खोबऱ्याला वास लागला का ते बघावं लागतं, आणि वास जिभेवर ठेवल्याशिवाय कळत नाही. एकादशीला मी उपाशी असते, फराळ करते. रामेश्वराचा प्रसाद नाकारू नये. शेजारीण पहिल्याच काकडीचं तवसाळं भाजून घेऊन येते, 'तोंडात टाकून बघा' म्हणते. तिचं मन मोडायचं का? रात्री आमटी पळीभर उरते, ती ठेवायला भांडं भरवण्यापेक्षा संपवलेली बरी. आणि मीठ बघणं तर माझा मानच आहे. वाडीत कुणाचं काही कार्य असो, मोठा टोप चुलीवरून उतरवायच्या आधी 'सुभद्राकाकीक बोलवा' म्हणतात. मी तळहातावर थेंब घेऊन चाखते आणि हो म्हणते, मग पंगत बसते. देवाच्या नैवेद्याचं तेवढं चाखायचं नाही, पण पंगतीतली पन्नास माणसं काही देव नव्हेत.

हे सगळं लिहून काढल्यावर माझी मीच गंमत बघत बसले. एवढं सगळं होतं आणि खाणं त्यात कुठेच नाही. काल गिरणीवर गेले तर दोन रतल वाढले होते. शिवा म्हणाला काटा ओला झाला असेल. मला वाटतं काटा बरोबर आहे.

मासे सुरू केले. वन्सं म्हणतात मुंबईचे डॉक्टर बाटलेले असतात.

तुझी काकी

•

(पोस्टकार्ड)

परळ, २५ जुलै १९५९

ती. काकीस नमस्कार. परीक्षा जवळ आली, वेळ नाही, म्हणून कार्डावर भागवतो. तुझं पत्र खोलीतल्या मित्रांना वाचून दाखवलं, सगळे तुझ्यावर फिदा. तर निकाल ऐक: आमची काकी चोर आहे. खरवडचोर, उष्टंचोर, प्रसादचोर. मुद्देमालासह सापडली. आजपासून मुलांना शिपाई नेमतो आणि सावित्रीआतेला फौजदार. चोरी बंद झाली तरच ऑपरेशन. काकांना नमस्कार. — गुरुदास

•

आचरा
१४ ऑगस्ट १९५९

चि. गुरुदास यास आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. आम्ही सर्व खुशाल आहोत. शेतं लावून झाली. पाऊस बरा आहे.

तू सांगितल्याप्रमाणे चालू आहे. खरवड बंद, उष्टं बंद, प्रसाद नुसता डोळ्यांना लावते. नागपंचमीच्या पातोळ्यांना हात लावला नाही. वजन अकरा रतल कमी झालं. तुझ्या सरांना सांग.

अभ्यास कर, जागरण करू नकोस.

सुभद्रा

•

परळ
२२ ऑगस्ट १९५९

तीर्थरूप काकीस साष्टांग नमस्कार.

अकरा रतल. शाबास. सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुमच्या काकींना इथल्या रोग्यांना भाषण द्यायला बोलवा." ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तुझ्यासाठी खाट राखायला त्यांनी होकार दिला आहे.

पण पत्र एवढं त्रोटक का? काकांची हवा लागली की काय? मला सगळं सविस्तर हवं आहे. मोह कसा आवरलास, मीठ बघायला बोलावतात तेव्हा काय करतेस, ते लिही. तुझ्या पत्राची इथे चौघे वाट बघत असतात.

तुझा,
गुरुदास

•

आचरा
३० ऑगस्ट १९५९

चि. गुरुदास यास हरिश्चंद्रचा आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही हे तुला ठाऊक आहे. हे लिहितो आहे ते तुझ्या काकीला न सांगता.

तू कार्ड पाठवलंस. कार्ड उघडं असतं. पोस्टमन शंकरने ते आमच्या घरी आणण्याआधी बाजारात चहाच्या दुकानात वाचून दाखवलं. त्याच्या मनात वाईट नव्हतं, मजकूर गमतीचा होता. संध्याकाळपर्यंत 'काकी चोर' हे गावभर झालं. मुलं घरात तिच्या मागून फिरतात आणि तोंड हललं की ओरडतात. सावित्रीअक्काने फडताळाला कुलूप लावलं. सगळे हसतात, तीही हसत होती. मीही हसलो, हे लिहायला पाहिजे.

गोकुळाष्टमीला वाडीत काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचा टोप चढला होता. ही नेहमीप्रमाणे गेली. तिथे बायका म्हणाल्या, "काकी, तुमी चव बघू नका हां. मुंबयक कळतला." दुसरीलाच चव बघायला सांगितलं. ही घरी आली आणि माजघरात काळोखात बसून राहिली. मी विचारलं तर म्हणाली, डोकं दुखतं.

कार्ड आल्यापासूनच तिचं जेवण निम्म्यावर आलं होतं, त्या दिवसापासून ती नुसत्या पेजेच्या पाण्यावर आहे. आम्ही समजत होतो पथ्य चाललं आहे. परवा विहिरीवर कळशी उचलताना पडली. मालवणच्या डॉक्टरांना आणलं. ते म्हणाले, अंगात रक्त नाही, अशा बाईला कापायला कोण घेणार? वजन उतरलं तरी मुंबईला पाठवता येणार नाही.

रागवायला लिहीत नाही. काय करायचं ते मला कळत नाही. तू शिकलास, सांग. उत्तर बंद पाकिटात पाठव.

हरिश्चंद्र

•

परळ
५ सप्टेंबर १९५९

तीर्थरूप काका आणि काकी, दोघांनाही साष्टांग नमस्कार.

काकी, हे पत्र काका तुला वाचून दाखवतील. मला फार वाईट वाटलं. तुझ्यावर माझं प्रेम होतं म्हणून मी चेष्टा केली, आणि ती चेष्टा तुझ्यापर्यंत येईतो शिक्षा होऊन आली. चोर हा शब्द मी मागे घेतो. शंकरला सांगा, हेही बाजारात वाचून दाखव.

सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, पंचवीसचा हट्ट मी सोडतो, वीसच्या आसपास चालेल, पण बाई ताकदीची पाहिजे. उपाशी माणसाची जखम भरत नाही. तेव्हा काकी, तुला जेवायलाच हवं. मासे, डाळ, पालेभाजी, भात बेताचा.

हे लिहिताना तू जेवते आहेस असं चित्र डोळ्यांसमोर आणायला गेलो आणि ते येईना. मी त्या घरात चौदा वर्षं वाढलो. काका ओटीच्या दाराजवळ बसतात, ताक शेवटी घेतात. आतेला केळीच्या पानाचा देठ उजवीकडे लागतो. मी कुठे बसायचो तेही आठवतं. तू दिसतेस ती उभी, नाहीतर चुलीपुढे, हातात पळी. तू कुठे बसतेस ते आठवत नाही.

काका, तुम्ही औषध विचारलंत आणि मी उलट तुम्हालाच विचारतो आहे. मला खरोखर माहीत नाही. काकी जेवते कधी? कुठे बसून? तिला वाढतं कोण?

गुरुदास

•

आचरा
२४ सप्टेंबर १९५९

चि. गुरुदास यास काकीचे खूप खूप आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांनी ओटीवर वाचलं. शेवटी आले आणि थांबले. मी आतून म्हटलं, "काय झाला?" कागद घडी करून खिशात टाकला आणि माडाच्या बागेत निघून गेले. संध्याकाळी वन्संना विचारत होते, "ह्या जेवता कधी?" वन्सं म्हणाल्या, "माका काय ठाऊक? आपला आपण जेवत असतला." मी पलीकडे तांदूळ निवडत होते, पण मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी काय सांगणार होते? आपलं आपण, जमेल तेव्हा, चुलीपाशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ताटं मांडायला लागले तर ह्यांनी माझ्या हातून पळी काढून घेतली. पाट मांडला, पान मांडलं आणि म्हणाले, "बस." मला वाटलं डोक्यावर ऊन चढलं. मी म्हटलं, "तुमी आधी बसा, मी मागसून उरलाला खातंय." त्यावर ह्यांचं एकच वाक्य, "उरलाला काय नाय. अजून कोण जेवाक नाय."

बसले, बाबा. दोनदा उठले, एकदा मिठाला आणि एकदा उगीच. दोन्ही वेळा त्यांनी नुसतं बोट दाखवून बसवलं. आणि मग भाताचं तसराळं घेऊन वाकले नि म्हणाले, "काय वाढू?"

गुरुदास, मला उत्तर येईना. तुला काय आवडतं ते मी झोपेत सांगेन. वन्संना, ह्यांना, मुलांना, भिक्षेला येणाऱ्या गोसाव्यालासुद्धा काय रुचतं ते मला ठाऊक आहे. बावीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं आणि मीही मला विचारलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ह्यांना वाटलं पोटात कळ आली, तसराळं तिथेच टाकून डॉक्टरांना बोलवायला निघाले होते.

वन्सं दोन दिवस बोलल्या नाहीत. "घोव बायलेक वाढता, गावात तोंड कसा दाखवूचा?" म्हणून भिंतीशी बोलत होत्या. तिसऱ्या दिवशी आपला पाट उचलून माझ्या शेजारी आणून ठेवला. "तू बसतंस, मगे मी पण बसतंय," म्हणाल्या. त्याही आजवर मागाहूनच जेवत होत्या. हे मीही कधी बघितलं नव्हतं.

आता तुझ्या उत्सुकतेसाठी. बसून पानभर जेवले की दुपारी हात कशाकडे जात नाही. खरवड दिसते, पण ती टोपाची असते, माझी नसते. मला वाटतं मी दिवसभर तोंडात टाकत होते ते त्या न घेतलेल्या पानातलंच होतं, थोडं थोडं करून. तू शिकलेला आहेस, पुस्तकात असं काही आहे का ते बघ.

अनंत चतुर्दशीला टोप उतरवायच्या आधी त्याच बायका बोलवायला आल्या. मी गेले. थेंब तळहातावर घेतला, चाखला, आणि मीठ कमी आहे म्हणून सांगितलं. कुणी हसलं नाही.

शिवाचा काटा सांगतो एकोणीस रतल गेले. मालवणच्या डॉक्टरांनी डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली आणि लिहून दिलं की रक्त भरलं आहे, पाठवायला हरकत नाही. नऊ ऑक्टोबरच्या बोटीने आम्ही दोघं निघतो. ह्यांनी जन्मात दुसऱ्यांदा मुंबई बघायची ठरवली आहे. धक्क्यावर ये. मला भीती वाटते आहे, ती मी ह्यांना सांगितलेली नाही, तुला सांगते.

ते रोज विचारतात. मी रोज म्हणत होते, "व्हयता ता वाढा." काल सुरमईचं सार होतं. पळी हातात धरून विचारलं, "काय वाढू?" इतकी वर्षं मी डोकी आणि शेपट्याच घेतल्या, कारण मधले तुकडे पंगतीला जायचे असतात. मी पानाकडे बघत म्हटलं, "मधलो तुकडो." ह्यांनी दोन वाढले.

दोन्ही खाल्ले, गुरुदास. मीठ बघितलं नाही, उष्टं संपवलं नाही. खाल्ले.

तुझी काकी,
सुभद्रा